डबा परेड

“जीभ!”

वर्गाच्या दारातून एवढाच शब्द यायचा आणि चौथीतल्या आम्हा चाळीस जणांच्या जिभा बाहेर यायच्या. बाई अजून आत आलेल्याही नसायच्या. मग त्या यायच्या. उंच, काटकुळ्या, पदर कमरेला खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. रांगेतून चालताना त्या एकेका जिभेकडे बघायच्या. पांढरा थर दिसला की “पोट साफ नाही”, नारिंगी रंग दिसला की “शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा. उभी राहा.”

जिभेनंतर डोळे. अंगठ्यानं खालची पापणी ओढून त्या आतला रंग बघायच्या आणि मोठ्यानं सांगायच्या, “गुलाबी.” “गुलाबी.” “फिकट.” त्यांच्या अंगठ्याला कसल्या तरी हिरव्या पाल्याचा वास असायचा. अजून कोणाला “पांढरा” म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं, पण तो शब्द त्यांच्याकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला “पांढरा” म्हणतील तो मरणार, असं माझ्या शेजारी बसणारी मुलगी सांगायची. मी ते खरं मानत होते.

आमची मराठी शाळा इंदूरच्या परदेशीपुऱ्याच्या मागं, मिलच्या भिंतीला लागून. बाई महूच्या. रोज छोट्या लाईनच्या, म्हणजे मीटरगेजच्या, गाडीनं इंदूरला यायच्या. त्यांचे वडील फौजेत लंगरवर होते, म्हणजे जवानांचा स्वयंपाक करायचे. त्यामुळे बाईंची सगळी भाषा फौजेची. मधल्या मोठ्या सुट्टीत व्हरांड्यात रांगेनं बसून डबे उघडायचे, याला त्या “डबा परेड” म्हणायच्या. “फॉलिन!” म्हटलं की बसायचं, “खोल!” म्हटलं की चाळीस झाकणं एकदम उघडायची. मग त्या रांगेतून फिरायच्या. “पोळी आहे. भाजी कुठाय?” “बाई, शेव आहे ना.” “शेव म्हणजे भाजी नव्हे.”

इंदुरात हे म्हणायला हिंमत लागते. आमच्याकडे शेवेशिवाय वरणसुद्धा घशाखाली उतरत नाही. बाईंचा नियम होता, पोह्यांवर शेव चालेल, शेवेवर पोहे चालणार नाहीत. एकदा चौकातल्या पोहेवाल्याला त्या हे समजावत उभ्या होत्या. तो हात जोडून म्हणाला, “बैनजी, गिराक भाग जाएंगे.” बाई म्हणाल्या, “भागने दो. तब्येत से भागेंगे.” त्या स्वतः रस्त्यानं चालताना कच्ची काकडी नाहीतर मुळा कडाकडा खात चालायच्या. लोक वळून बघायचे.

त्याच सुमाराला किराण्याच्या दुकानांवर चकचकीत पाकिटांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. ज्यांची घरं मिलवर चालत नव्हती, म्हणजे ज्यांचे वडील बँकेत नाहीतर बिजली बोर्डात होते, त्यांच्या डब्यांत ही पाकिटं यायला लागली. बाईंनी एकाच्या डब्यातली एक चकती चिमट्यात धरली आणि काडी ओढून पेटवली. ती चकती वातीसारखी जळत राहिली. काळा धूर निघाला. तेलाचे थेंब फरशीवर पडले. “पोटात दिवा लावायचाय का रे तुला?” त्यांनी त्या मुलाला शांतपणे विचारलं. तो इतका रडला, की दुसऱ्या दिवशी त्याची आई भांडायला आली. बाईंनी तिच्यासमोर दुसरी चकती पेटवली.

हे सगळं आता सांगताना मजेचं वाटतं. तेव्हा मजा नव्हती. मला बाईंची जी भीती वाटायची ती जिभेची किंवा काडीची नव्हती. त्या रोज सकाळी हजेरीनंतर जो प्रश्न विचारायच्या त्याची होती.

“काल काय खाल्लं?”

प्रत्येकाला विचारायच्या आणि एका लांबट वहीत लिहून घ्यायच्या.

मी तिसरीत असताना मिल बंद झाली. तिचा भोंगा वाजायचा थांबला. वस्तीतल्या बाया पहाटेच्या भोंग्यावर उठून डबे करायच्या, त्या पहिल्या आठवड्यात सगळ्याच उशिरा उठल्या. पुढं उठायची घाई उरली नाही. बाबा मिलमध्ये मागावर कापड विणायचे. आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे ते पूर्वी सणासुदीलाच सांगायचे. मिल बंद पडल्यावर रोज सांगायला लागले. आणि मला व माझ्या पहिलीतल्या बहिणीला, बेबीला, त्यांनी समोर उभं करून बजावलं, “शाळेत घरचं काही बोलायचं नाही. मिल बंद झाली तर झाली. आपण कोणापुढं हात पसरून नाही राहिलो. समजलं ना?”

समजलं होतं. म्हणून बाईंनी विचारलं की मी जेवण बनवायची. तोंडानं. “वरण, भात, मेथीची भाजी, ताक.” बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “मेथी? या दिवसांत?” त्यानंतर मी शाळेत जाताना भाजीच्या ठेल्यांपाशी थांबायला लागले. गिलकी दिसली की गिलकी, भोपळा दिसला की भोपळा. ठेल्यावर जे दिसेल तेच काल खाल्लं, असं सांगायचं. भाजीवाली विचारायची, “क्या चाहिए बेटा?” मी म्हणायची, “मम्मी आ रही है.” आणि पळायची.

डब्याचं मात्र तोंडानं जमत नव्हतं. आई आधी पोळीवर तिखटमीठ घालून द्यायची. मग पोळी अर्धी झाली, मग कधी होती, कधी नाही. अशा दिवशी मी बाईंना सांगायची, “आज उपवास आहे.” सोमवारी सांगितलं, गुरुवारी सांगितलं, शनिवारी सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, “सगळे देव तुझ्याच घरी मुक्कामाला आलेत का गं?”

वर्ग हसला. मी हसणाऱ्यांकडे बघितलं नाही. बाईंच्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघत राहिले. त्यांनी माझी पापणी ओढली. बराच वेळ बघितलं. मोठ्यानं काहीच म्हणाल्या नाहीत, हे मला जास्त भयंकर वाटलं.

पुढच्या सोमवारी त्या महूहून येताना झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्यात रात्रभर भिजवलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे. सकाळच्या लहान सुट्टीत प्रत्येकाला एक मूठ. सगळ्यांना, बँकवाल्यांच्या मुलांनासुद्धा. त्यांच्यासमोर उभं राहून खायचं, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, त्या मोठ्यानं आकडे मोजायच्या. मी बेबीसाठी थोडे फ्रॉकच्या खिशात टाकायला गेले तर त्यांनी मनगट धरलं. “खिसा खात नाही. तोंड खातं.” मग विचारलं, “कोणासाठी?” मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पहिलीच्या वर्गालाही शेंगदाणे मिळायला लागले.

माझा उपवास आणि त्यांचा डबा यांचा काही संबंध असेल, हे मला त्या वयात सुचलं नाही.

हेडमास्तरांना आम्ही मोठे सर म्हणायचो. त्यांना हे पसंत नव्हतं. त्यांनी वर्गाच्या दारात उभं राहून बाईंना सांगितलेलं मी ऐकलं आहे. “मॅडम, कोणाचं पोट बिघडलं तर लफडा होऊन जाईल. जबाबदारी तुमची, असं लिहून द्या.” बाईंनी तिथंच, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून, उभ्याउभ्या लिहून दिलं. सरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

एक मूठ शेंगदाण्यांनी भूक जाते असं नाही. उलट ती जागी होते. मोठ्या सुट्टीत डबेवाली मुलं व्हरांड्यात परेडला बसायची, आणि आमच्यासारखी, ज्यांचे त्या दिवशी डबे नसायचे ती, “पाणी पिऊन येतो बाई” म्हणून शाळेच्या मागं जायची. आम्ही आधी तिघी होतो. दिवाळीच्या आधी आम्ही नऊ जण झालो होतो, बेबी धरून. सगळे मिलवाल्यांचे. डबा नाही हे आम्ही एकमेकांनाही सांगत नव्हतो. नुसते तिथं जमायचो.

मागची भिंत मिलची. एका ठिकाणी ढासळली होती. चौकीदार होता तोवर तिथली झुडपं छाटली जायची, आता ती माणसाहून उंच झाली होती. त्यांना लिंबोळ्यांहून मोठी गोल फळं लागली होती. काही हिरवी, काही पिवळी, काही वाळून काळी पडलेली. वाळलेलं फळ फोडलं की आत काळ्या बिया आणि बी फोडली की आत पांढराशुभ्र गर. मी एक चाखली. शेंगदाण्यासारखी लागली. जरा गोडच.

मला इतका आनंद झाला होता, की तो अजून आठवतो. मला वाटलं, मी काही तरी शोधून काढलं. मी फ्रॉकच्या ओच्यात बिया गोळा केल्या, दगडानं फोडल्या आणि सगळ्यांना म्हटलं, “फॉलिन!” ते हसत रांगेत उभे राहिले. “जीभ!” जिभा बाहेर आल्या. मी प्रत्येकाच्या हातावर मूठ ठेवली. बेबीला मोठी मूठ दिली. “बत्तीस वेळा चावा. एक, दोन, तीन...” मी बाई झाले होते, म्हणून मी स्वतः खात नव्हते. मोजत होते. शेवटी माझ्या वाट्याला तीन-चार बियाच आल्या. दोन खिशात राहिल्या.

मोठी सुट्टी संपून तासभर झाला नसेल. समोरच्या बाकावरची मुलगी ओकली. मग तिच्या पलीकडचा मुलगा. घसा जळतोय म्हणून कोणी तरी रडायला लागलं. माझ्याही पोटात कळ आली, पण तेवढीच. तेवढ्यात पहिलीच्या बाई बेबीला खांद्यावर टाकून पळत आल्या. तिची मान लोंबत होती, फ्रॉकवर सगळी उलटी.

मोठे सर ओरडले, “शेंगदाणे! मी म्हटलंच होतं!”

त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शेंगदाणेच खराब असतील. सर म्हणतात म्हणजे असतीलच. मी डोळे मिटून देवाची प्रार्थना केली की शेंगदाणेच खराब असू देत. बाईंनीच केलेलं असू दे.

वस्ती शाळेला लागूनच होती आणि मिल बंद असल्यामुळे सगळी पुरुषमाणसं घरीच होती. बातमी पोचायला वेळ लागला नाही. टेम्पो बोलवायला माणूस गेला होता, तेवढ्यात शाळेचं आवार भरून गेलं. मोठे सर खिशातला कागद काढून सगळ्यांना दाखवत होते. “हे बघा, मॅडमनी लिहून दिलंय. शाळेचा काही संबंध नाही.” बाई व्हरांड्यात एका मुलाचं डोकं मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी तो स्टीलचा डबा, तळाशी उरलेले शेंगदाणे.

“मारायला बसली का आमच्या पोरांना?” “पुलिसला बोलवा!” असं चाललं होतं. आणि त्या गलक्यातून एक आवाज आला, “कोणाकोणाच्या हातचं खायला घालून राहिले हो आमच्या लेकरांना?”

बाईंची जात कोणती हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल आजवर कोणी उघड बोललं नव्हतं. तो आवाज बाबांचा होता.

बाबा पुढं आले आणि त्यांनी लाथ मारली. डबा घरंगळत पायऱ्यांवरून खाली गेला. शेंगदाणे धुळीत पसरले.

बाईंनी मांडीवरच्या मुलाचं डोकं हळूच खाली ठेवलं. पायऱ्या उतरल्या. उकिडव्या बसल्या आणि धुळीतले शेंगदाणे वेचून खायला लागल्या. मूठभर तोंडात टाकायच्या, चावायच्या, गिळायच्या, पुन्हा वेचायच्या. कोणी तरी म्हणालं, “नाटक करून राहिली.” मी अगदी जवळ होते. नाटक नव्हतं. त्या दाण्यांवरची माती झटकतही नव्हत्या. “मला कळायला पाहिजे,” त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. “मला कळायला पाहिजे ना.”

टेम्पो आले. बाईंनी कोणाला न विचारता बेबीला उचललं आणि त्या चढल्या. बाबा चढले. मीही चढले. वाटभर बाबा आणि बाई समोरासमोर बसले होते, गुडघ्याला गुडघा लागत होता, आणि दोघंही बेबीकडेच बघत होते. बाईंनी एकदा तिची पापणी ओढून पाहिली. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि “पांढरा” हा शब्द मला न ऐकताच ऐकू आला.

मोठ्या सरकारी इस्पितळात नऊपैकी आठ जणांना एका लांब खोलीत खाटांवर निजवलं. एकेका खाटेवर दोन-दोन. नववी मी. मी भिंतीला टेकून उभी होते. तरुण डॉक्टर होते, घामाघूम झालेले. बाईंना म्हणाले, “मैडम, मूंगफली तो सारे बच्चों ने खाई ना? बाकी सब तो ठीक हैं. इन्होंने और क्या खाया है? पता चले तो इलाज करूँ.” त्यांनी मुलांना विचारलं. एकानंही तोंड उघडलं नाही. सांगितलं असतं तर मोठ्या सुट्टीत मागं कशाला गेलो होतो, डबा का नव्हता, हेही सांगावं लागलं असतं. आम्हा सगळ्यांनाच घरून बजावून ठेवलेलं होतं.

बाईंची नजर खाटांवरून फिरत आली आणि माझ्यावर थांबली. त्यांनी माझा हात धरला आणि मला बाहेर, पाण्याच्या टाकीमागं नेलं. मला वाटलं, आता मारणार. त्या खाली बसल्या. त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. दातांत धूळ अडकली होती.

“रोज सकाळी तू मला खोटं सांगतेस,” त्या म्हणाल्या. “गिलकी, भोपळा, ताक. मला माहीत आहे. तरी मी लिहून घेते. उद्यापासून पुन्हा खोटं सांग, मी पुन्हा लिहून घेईन. आज एकदाच खरं सांग.”

मी टाकीच्या नळाकडे बघितलं.

“तुला माझी भीती वाटते?”

मी मान डोलावली.

“मलाही तुमची वाटते गं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही डबे उघडता ना, त्याच्या आधी रोज वाटते. आतासुद्धा वाटतेय. ती तुझी बहीण आहे ना? बोल बाळा.”

बाईंनी मला कधी बाळा म्हटलं नव्हतं. त्यांची हनुवटी थरथरत होती. मोठं माणूस इतकं घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि त्यानंच माझी भीती फुटली. मी खिशात हात घातला आणि त्या दोन बिया त्यांच्या तळहातावर ठेवल्या. “शेंगदाण्यासारख्या लागतात,” मी म्हटलं. “मी दिल्या. सगळ्यांना. तुमच्यासारख्या.”

बाईंनी बियांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या धावत सुटल्या. एक बूट पायातून निघाला तरी थांबल्या नाहीत.

“रतनजोत,” डॉक्टर बघताक्षणी म्हणाले. म्हणजे मोगली एरंड, विषारी. “अच्छा हुआ, बता दिया.” मग बादल्या आल्या, सलाईनच्या बाटल्या आल्या. मला एका नर्सनं काही तरी खारट पाजलं. दिवस कलायच्या सुमाराला बेबीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. थोड्या वेळानं पोळी मागितली. आई तिथंच भिंतीला धरून खाली बसली.

बाहेर व्हरांड्यात वस्ती थांबलेलीच होती. बिया कसल्या, कोणी दिल्या, याची चौकशी सुरू झाली. बाई एका पायात बूट घालून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “मुलांनी भिंतीजवळच्या झुडपाच्या बिया खाल्ल्या,” त्या म्हणाल्या. “शेंगदाणा समजून. कोणी दिल्या ते विचारू नका. एवढंच बघा, की जी पडली त्यातल्या एकाहीजवळ आज डबा नव्हता.”

जे दुपारपासून ओरडत होते ते आपापल्या चपलांकडे बघायला लागले. बाबा खांबाला टेकून उभे होते.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगून टाकते. सगळी मुलं बरी झाली. तरीही शाळेनं नोटीस लावली की शिक्षकांनी खाण्याची कोणतीही वस्तू मुलांना वाटू नये. बाईंनी नोटिशीवर सही केली आणि डबा महूला परत नेला. मग त्यांनी दुसरंच काढलं. मोठ्या सुट्टीत त्या शाळेतून निघायच्या आणि त्या नऊ जणांपैकी एकाच्या घरी, न सांगता, जेवायला जायच्या. दारात उभं राहून म्हणायच्या, “सकाळच्या गाडीनं येते, पोटात काही नाही. जे असेल ते वाढा.” घरात काय आहे ते अशानं त्यांना ताटात दिसायचं. मग हात धुता धुता त्या आयांशी बोलायच्या. मिलच्या रस्त्यावर शेवग्याची झाडं आहेत, त्यांचा पाला फुकट आहे. मुळ्याचा पाला भाजीवाला टाकून देतो, तो मागून आणा. भिजवलेले चणे, शिळ्या पोळीचा कांदा घालून कुस्करा, हे डब्यात चालतं. हळूहळू मागं जाणारी मुलं व्हरांड्यात बसायला लागली. दोन वर्षांनी बाईंची बदली सिमरोलकडच्या एका शाळेत झाली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

पण आमच्या घरी त्या आल्या तो दिवस सांगायचा राहिला.

मी घरीच होते, बेबीजवळ. अजून शाळेत जायला लागले नव्हते. दारात कॅनव्हासचे बूट दिसले. बिया मी दिल्या हे त्या सांगायला आल्या, असंच मला वाटलं. आईची वेगळीच धांदल. घरात ज्वारीच्या तीन भाकरी आणि लसणाची चटणी, एवढंच होतं. आईनं दोन ताटं मांडली. एक बाईंचं, एक बाबांचं. बाबा बसले नाहीत. खिडकीशी उभे राहिले, रस्त्याकडे बघत.

“मला भूक नाही,” ते म्हणाले.

बाई खायला लागल्या. सावकाश, नेहमीसारख्या. आई चुलीपाशी आणि मी बेबीच्या गोधडीचं टोक धरून बसलेली. बऱ्याच वेळानं बाबा खिडकीकडेच तोंड करून म्हणाले, “बाई, एक विचारू? त्या बिया कोणी वाटल्या?”

बाईंचा घास चालू होता. त्या चावत राहिल्या. मी मनात आकडे मोजत होते. त्यांनी गिळलं आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही.”

बाई खोटं बोलल्या. माझ्यासाठी. मला वाटलं होतं, त्या असं बोलल्या तर माझी भीती जाईल. ती गेली नाही. उलट आता घरात राहायला आल्यासारखी वाटली.

“मी दिल्या,” मी म्हणाले.

आईचा हात भाकरीवर तसाच राहिला. बाबा वळले. मी डोळे मिटून घेतले. गालावर हात कधी पडतो त्याची वाट बघत राहिले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते ताटांतल्या भाकऱ्यांकडे बघत होते.

“दादा, बसा,” बाई म्हणाल्या. “गार होतेय.”

बाबा बसले. बाईंनी आपल्या ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी बाबांच्या ताटात ठेवली. हातानं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे बघत होती, मी बघत होते. त्यांनी तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. खूप वेळ चावत होते. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

जेवण झाल्यावर बाबांनी कोनाड्यातून कोयता काढला. मी भिंतीकडे सरकले. ते माझ्यापाशी आले.

“झाड कसं दिसतं ते मला माहीत नाही,” ते म्हणाले. “चल, दाखव.”

बाईही उठल्या, पदर खोचला. मी पुढं झाले आणि ते दोघं माझ्या मागून यायला लागले.